कांचघरपर्यंत पायी

बँकेने सांगलीहून जबलपूरला बदली केली तेव्हा त्या शहरात मराठी माणसं राहतात याची मला कल्पनाही नव्हती. गोरखपूरच्या बाजारामागे एका गल्लीत वरच्या मजल्यावरची जागा रिकामी आहे असं कळलं, म्हणून बघायला गेले. दार उघडायला आलेल्या बाई एक हात भिंतीला टेकवून उभ्या होत्या. मी हिंदीतून भाडं, पाणी, विजेचं मीटर सगळं विचारून घेतलं आणि शेवटी नाव सांगितलं, मेघना पाटणकर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाप्पा! मराठी आहे तू, तर मग एवढा वेळ हिंदी काहून बोलून राहिली?"

त्या सरोजिनी शेवडे. पुढची तीन वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले, अगदी शब्दशः.

शेवड्यांचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि घाईत असलं की दोन्ही एकाच वाक्यात. काकूंनी इथल्या एका सरकारी कारखान्यात कॉस्टिंग सेक्शनमध्ये चौतीस वर्षं काढली होती. एखादा सुटा भाग तयार व्हायला किती लोखंड लागलं, मशीन किती तास चाललं, किती हात लागले, याचा हिशेब तिथे होई. त्या लागल्या तेव्हा त्या सेक्शनमध्ये दोनच बायका होत्या. एक काकू, दुसऱ्या विनता पुराणिक. टेबलं शेजारी, डबे एकत्र. संध्याकाळी सुटी झाली की दोघी बस सोडून गप्पा मारत विनताताईंच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरापर्यंत चालत जात, तिथे चहा घेत, आणि मग काकू रिक्षाने गोरखपूरला येत. "घरी काय बोलायचं ते सगळं रस्त्यातच बोलून घ्यायचो," काकू सांगायच्या. "म्हणून तर दोघींचे संसार टिकले."

मी राहायला गेले तेव्हा हे सगळं मागे पडलं होतं. काकूंचा उजवा गुडघा पार झिजला होता. सकाळी खालून त्यांच्या पावलांचा आवाज यायचा. एक जड, एक ओढत. जिना चढून त्या वर कधी आल्या नाहीत. भाड्याची पावती दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायची. तिकडे कांचघरला विनताताईंचे तर दोन्ही गुडघे गेलेले. एकाच शहरातल्या दोन जिवलग मैत्रिणी, आणि भेट फक्त फोनवर.

शेवटी नोव्हेंबरात काकूंनी गुडघा बदलून घेतला. घराजवळच्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. त्याआधी आठवडाभर तिथल्या फिजिओथेरपिस्ट प्रणालीने त्यांच्या मनगटाला पावलं मोजणारा पट्टा बांधून ठेवला होता. ही प्रणाली नागपूरची, पंचविशीतली, फार हसरी. तिने हॉस्पिटलात एक नवी गोष्ट सुरू केली होती. गुडघे बदललेल्या लोकांना ती दर रविवारी फोन करायची. दुखणं, टाके यांबद्दल तर विचारायचीच, पण तिचा खरा प्रश्न असायचा की आज कुठे कुठे गेलात.

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी काकू वॉकर घेऊन कॉरिडॉरमधून चालल्या, सहा आठवडे व्यायाम झाले, वॉकर गेला, काठी गेली. दुखणं तर असं गेलं की काकू स्वतःच चकित. "अगं, रात्री कुशीवर वळले आणि जाग आली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा!"

आणि मग त्या बसल्या.

यात मोठा वाटा भय्यासाहेबांचा. भय्यासाहेब म्हणजे त्यांचे यजमान, वय चौऱ्याहत्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. खरं नाव काय ते गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. इतकं प्रेमळ माणूस मी क्वचितच पाहिलंय. ऑपरेशननंतर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पोहे बरे व्हायचे, वरणाचं मात्र रोज वेगळं काहीतरी व्हायचं. काकूंच्या खुर्चीच्या एका बाजूला पाण्याचा तांब्या, दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्र, चष्मा, मोबाईल, औषधांचा डबा. वर एक बिनतारी घंटी. काकूंनी बटण दाबलं की स्वयंपाकघरात चिमणीसारखा कर्कश आवाज व्हायचा आणि भय्यासाहेब हातातलं टाकून धावायचे.

"तू उठू नको, सरोज. मी आणून राहिलो ना."

फेब्रुवारीत एकदा काकू हट्टाने बाजारात गेल्या. एका ई-रिक्षाचा धक्का लागता लागता राहिला. त्या पडल्या नाहीत, कोपरावरचं थोडं सालटं गेलं, एवढंच. पण भय्यासाहेब पांढरेफटक पडले. त्या दिवसापासून बाजार बंद. काकूंनीही फार वाद घातला नाही. त्यांनाही त्या क्षणी पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. रविवारी प्रणालीचा फोन आला की भय्यासाहेबच उचलायचे. "हो हो, एकदम फर्स्टक्लास. आराम करून राहिली."

मे महिन्यात सहा महिन्यांची तपासणी होती. त्यांचा मुलगा अपूर्व बंगळूरला, म्हणून शनिवारी सुट्टी पाहून मी त्यांना गाडीने घेऊन गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि खूश होऊन म्हणाले, "एकदम परफेक्ट बैठा है, माताजी." मग प्रणालीकडे पाठवलं. आठ दिवस आधी तिने पुन्हा पट्टा पाठवला होता. तिने तो कॉम्प्युटरला जोडला, आकडे पाहिले आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"काकू, ऑपरेशनच्या आधी तुम्ही दिवसाला एकवीसशे पावलं चालायच्या."

"अच्छा? आणि आता?"

"सतराशे."

काकूंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "दुखत होतं तेव्हा जास्त?"

"हो. एकट्या तुमचंच नाही, बऱ्याच जणांचं असं होतं. दुखणं जातं, पण बसायची सवय झालेली असते ना. गुडघा नवीन बसवता येतो. बाकीचं सगळं जुनंच राहते."

परतताना भय्यासाहेब गाडीत मागे बसले होते, ते म्हणाले, "आकड्यांचं काय एवढं? तब्येत चांगली आहे ना, बस." काकू खिडकीबाहेर बघत होत्या. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले तिला तिचेच आकडे कुणीतरी वाचून दाखवले होते.

तरी त्या आकड्यांनीही काही झालं नसतं. झालं ते विनताताईंमुळे.

चार दिवसांनी मी बँकेतून आले तेव्हा काकू फोनवर होत्या, स्पीकर चालू. विनताताईंच्या मुलीने त्यांच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती आणि विनताताईंनी ती त्याच दिवशी रद्द केली होती.

"काहून पण?" काकू विचारत होत्या. "घाबरली का तू? अगं, काही नाही होत. मला पाहा ना."

"तुला पाहूनच तर ठरवलं," पलीकडून विनताताई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, रागाचा अजिबात नव्हता. "आधी तुला दुखत होतं म्हणून बसत होती. आता दुखत नाही, तरी बसूनच राहिली ना? सहा महिने झाले, सरोज. एकदा तरी माझ्याकडे आली का तू? मग मी कशाला चिरफाड करून घेऊ, सांग. बसायचंच आहे तर जुन्या गुडघ्यांनी बसते."

"जेवली का?" असं काहीतरी विचारून काकूंनी फोन ठेवला. मी वर निघाले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला माझं दार वाजलं. उघडलं तर समोर काकू. धापा टाकत, घामाघूम, कठड्याला घट्ट धरून. पायात अपूर्वचे जुने कॅनव्हासचे बूट, दोन मोजे घालून मापाचे केलेले.

"काकू! तुम्ही जिना चढून आलात?"

"अठरा पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "चल. मला एकटीला भीती वाटते."

मी तोंडावर पाणी मारून निघाले. गल्लीच्या टोकाला दूधवाल्याच्या दुकानापर्यंत आम्ही गेलो. जेमतेम तीनशे पावलं असतील. काकू जमिनीकडे बघत चालत होत्या आणि माझा दंड असा धरला होता की बोटांचे वळ उठले. जबलपूरच्या मे महिन्यात तेवढा एकच तास माणसांसाठी असतो. सहानंतर ऊन सुरू. दुकानाच्या ओट्यावर टेकल्या आणि दूधवाल्याला म्हणाल्या, "भैया, आज दूध मैं खुद ले जाऊंगी." त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

परत फिरलो तर समोरून भय्यासाहेब. बनियनवर, अनवाणी, एका हातात ती घंटी. अंथरूण रिकामं दिसल्यावर ते घरभर शोधून रस्त्यावर आले होते.

"कुठे गेली होती तू? न सांगता? पडली असती तर?"

"नाही पडले ना."

"पण पडली असती तर!" त्यांचा आवाज फाटला. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. काकूंनी दुधाची पिशवी माझ्याकडे दिली, त्यांचा हात धरला आणि घरात नेलं.

त्या सकाळी चहा पिताना भय्यासाहेबांनी जे सांगितलं ते काकूंना माहीत होतं, मला नव्हतं. त्यांची आई याच घरात न्हाणीत पाय घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. चाळीस दिवस अंथरुणावर, आणि मग गेली. त्या चाळीस दिवसांत तिचं सगळं भय्यासाहेबांनी केलं होतं. "शेवटी शेवटी ती म्हणायची, मला फक्त दारापर्यंत ने रे," ते म्हणाले आणि कप बशीत ठेवून उठून गेले.

रविवारी प्रणालीचा फोन आला तेव्हा काकूंनी तो स्वतः उचलला, सगळं सांगितलं आणि फोन भय्यासाहेबांच्या हातात दिला. प्रणालीने त्यांची समजूत वगैरे घातली नाही. म्हणाली, "भय्यासाहेब, तुमची भीती खरी आहे. पडल्याने हाड मोडतं. पण बसून बसून मांडीतली ताकद जाते आणि मग माणूस उभ्या जागी पडतो. काकूंना पडण्यापासून वाचवायचं असेल तर तुमची मदत लागेल. कराल का?"

"करतो ना. सांग."

"तांब्या स्वयंपाकघरात ठेवा. पेपर फाटकावर राहू द्या, काकू आणतील. आणि ती घंटी कुठेतरी ठेवून द्या."

घंटी कपाटात गेली. न्हाणीत पकडायला दोन दांड्या बसवल्या, खाली रबराची चटई आली. भय्यासाहेब पहिले पंधरा दिवस फार अस्वस्थ असायचे. काकू पाणी घ्यायला उठल्या की तेही उठायचे आणि पुन्हा बसायचे. मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की सकाळी तेही बरोबर येणार. बाजारातून एक घडीचं प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि पिशवीत घालून खांद्याला अडकवलं. "सरोज थकली तर कुठे बसेल?"

स्टुलावर रोज तेच बसायचे. काकू बूट बदलून आता मापाचे घालत होत्या आणि दर आठवड्याला एक खांब पुढे जात होत्या. विजेचे खांब त्यांनी मैलाचे दगड केले होते. चौथ्या खांबाला भय्यासाहेब म्हणायचे, "तू हो पुढे, मी जरा आकाश पाहून राहिलो."

सगळं सरळ मात्र झालं नाही. ऑगस्टमध्ये प्रणालीने सांगितलं, काकू साडेचार हजारांवर पोचल्या, आणि सांगताना सहज म्हणाली की अधारतालच्या एक बाई सहा हजार चालतात. झालं! दुसऱ्याच दिवशी काकूंनी सकाळ-संध्याकाळ मिळून सात हजार पावलं टाकली. रात्री गुडघा सुजून गरम झाला. भय्यासाहेब बर्फाची पिशवी धरून बसले. मला वाटलं, आता ते म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? पण ते पिशवीतला बर्फ बदलत राहिले. सकाळी काकूच रडवेल्या होत्या. "आता पुन्हा खुर्ची आली का नशिबी?"

प्रणालीने तपासायला बोलावलं, डॉक्टरांनीही पाहिलं, काही बिघडलं नव्हतं. "दोन दिवस आराम, मग निम्म्यावरून सुरू करा," ती म्हणाली. "काकू, हे कारखान्याचं टार्गेट नाही. आणि माझीच चूक झाली. दुसऱ्याचे आकडे मी पुन्हा सांगणार नाही."

दोन दिवस झाले आणि तिसऱ्या सकाळी मला वाटलं, आज काही त्या उठत नाहीत. साडेपाच वाजून गेले, खालून काहीच आवाज नाही. मग भय्यासाहेबांचा आवाज आला. "सरोज, चल ना. मी बूट घालून केव्हाचा बसून राहिलो."

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही कांचघरला गेलो. पायी. गोरखपूरहून पाच किलोमीटरांच्या वर होतं ते. काकूंनी तीन आठवडे आधीपासून रस्ता ठरवला होता, कुठे फुटपाथ आहे, कुठे नाही, कुठे बसायला जागा आहे. प्रणालीने दोन अटी घातल्या होत्या: तीन ठिकाणी थांबायचं, आणि परत येताना गाडी. विनताताईंना काहीच कळवलं नव्हतं.

हवेत गारवा होता. काकूंनी नऊवारीसारखी उंच खोचलेली सुती साडी आणि पांढरे बूट घातले होते. पहिल्या टप्प्यात त्यांचं लक्ष रस्त्यावरच होतं. दुसऱ्या टप्प्यात बोलायला लागल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. रविवारी विनता आणि मी याच रस्त्याने हिंडायचो, इथे एक इराण्याचं हॉटेल होतं, इथे विनताची चप्पल तुटली होती, या वळणावर तिने मला पहिल्यांदा सांगितलं की तिला मूल होणार आहे. भय्यासाहेब स्टूल घेऊन मागून येत होते आणि मध्येच म्हणाले, "हे मला कधी सांगितलं नाही तू." काकू म्हणाल्या, "तुमच्यासाठी नव्हतंच ते."

स्टेशन ओलांडून कांचघरच्या बाजारात पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. काकूंचा वेग मंदावला होता, पण पाय ओढत नव्हता. विनताताईंच्या मुलीने, इरावतीने, दार उघडलं आणि आत वळून ओरडली, "आई, सरोजमावशी आयी है!"

"गाडी कुठे लावली?" आतून विचारणा झाली.

"गाडी नाही आणली," काकू म्हणाल्या.

विनताताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. गोल चेहरा, पांढरे केस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्यांनी काकूंच्या बुटांवरची धूळ पाहिली. मग काकूंकडे पाहिलं. भय्यासाहेबांनी शांतपणे स्टूल उघडलं आणि त्यावर बसून घाम पुसला.

"खोटं," विनताताई म्हणाल्या. "चौकातून उतरून आली असेल."

"यांना विचार," काकूंनी भय्यासाहेबांकडे बोट दाखवलं. त्यांच्याकडे पाहिल्यावर विनताताईंची खात्री पटली.

चहा झाला. मग विनताताई म्हणाल्या, "एवढी चालून आली, तर माझं एक काम कर. गच्चीवर जा आणि मला सांग काय आहे तिथे. चार वर्षं झाली, मी वर गेली नाही. ही इरा म्हणते सगळं ठीक आहे. पण तिचं ठीक आणि माझं ठीक वेगळं आहे."

काकू उठल्या. मी बरोबर जायला लागले तर हातानेच थांबवलं. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येत होती, सावकाश, एकसारखी. खाली आम्ही सगळे ती ऐकत होतो. भय्यासाहेबांचे ओठ हलत होते; ते पायऱ्या मोजत असावेत. दहा मिनिटांनी काकू खाली आल्या. पदराला माती, हातात मुळासकट उपटलेलं पिंपळाचं हातभर रोप.

"टाकीच्या मागे भिंतीतून निघून राहिलं होतं. दोन वर्षांत भिंत फुटली असती. तुझा मोगरा वाळला. कढीपत्ता मात्र जिवंत आहे, पण कुंडी लहान पडून राहिली त्याला. आणि वरून आता कारखान्याकडची झाडं दिसत नाहीत, मध्ये कुणीतरी तीन मजले चढवले."

"गुलाबी घर का? मिश्राजींचं?"

"हिरवं. फार घाण हिरवं."

विनताताईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. काकू त्यांच्या शेजारी पलंगावर बसल्या, मातीचे हात तसेच मांडीवर ठेवून. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडे बघून नाही म्हणाली होती ना. आता माझ्याकडे बघूनच हो म्हण."

विनताताईंनी त्या दिवशी हो म्हटलं नाही. जेवून जा म्हणाल्या. हो म्हणाल्या त्या तीन आठवड्यांनी, फोनवर, आणि म्हणाल्या की दोन्ही एकदम नाही करणार, एक करून पाहीन. जानेवारीत एक झाला. तिसऱ्या दिवशी त्या वॉकर घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा समोर काकू उभ्या होत्या आणि दटावत होत्या, "खाली काय पाहून राहिली? पुढे पाहा."

त्याच सुमारास प्रणालीने एक दिवस उतरलेल्या चेहऱ्याने सांगितलं की मार्चनंतर रविवारचे फोन बंद होणार. ट्रस्टच्या मंडळींचं म्हणणं, ऑपरेशन झालं, पेशंट घरी गेला, मग फोनवर पगार कशाला खर्चायचा? काकूंनी तिला विचारलं, "तुझ्याकडे सगळ्यांचे आकडे आहेत का? लिहिलेले?"

आठवडाभर त्या टेबलाशी बसल्या, पण दर तासाला उठून गल्लीत फेरी मारून येत. ट्रस्टला दिलेलं ते एक पानी टिपण मी टाईप केलं, म्हणून मला आठवतंय. त्यात लिहिलं होतं की एका गुडघ्यामागे दीड लाखाहून जास्त खर्च होतो. सहा महिन्यांचे रविवारचे फोन, त्यात जाणारा प्रणालीचा वेळ आणि फिरता पट्टा मिळून एका पेशंटमागे सातशे रुपयांच्या आसपास पडतात. फोन केलेल्या सव्वीस जणांपैकी सतरा जणांची चाल वाढली, नऊ जणांची वाढली नाही. मी म्हटलं, "काकू, ते नऊ कशाला लिहायचे?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नऊ लपवले तर सतरावर कोण विश्वास ठेवेल? आणि सव्वीस काही फार नाहीत, तेही लिही. म्हणून तर म्हणते, अजून एक वर्ष करून पाहा." शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः सांगून लिहायला लावलं: "जो गुडघा वापरला जात नाही, त्याचा खर्च पूर्ण झाला आणि उपयोग शून्य राहिला."

ट्रस्टने एक वर्ष दिलं. मात्र प्रणालीवर काम वाढलं होतं, म्हणून तिने काकूंनाच विचारलं, बऱ्या झालेल्यांपैकी काही जणांनी फोन वाटून घेतले तर? काकूंच्या वाट्याला सहा जण आले.

माझी बदली व्हायच्या आदल्या रविवारी मी निरोप घ्यायला खाली गेले तेव्हा काकू फोनवरच होत्या. महाराजपूरचे रामराव होते पलीकडे, रेल्वेतून निवृत्त, गुडघा बदलून तीन महिने झालेले, एकटे राहणारे. काकूंनी मला हाताने बसायला सांगितलं. रामराव सांगत होते की सगळं उत्तम आहे, काही तक्रार नाही, जेवणाचा डबा घरपोच येतो, टीव्ही आहे.

"डबा घेऊन कोण येतं?" काकूंनी विचारलं.

"शेजारची एक बाई आणून देते, दीदी. तिसऱ्या घरातून."

"अच्छा. मग रिकामा डबा परत कोण देतं?"

"तीच घेऊन जाते."

"आज तुम्ही देऊन या. तीन घरं आहेत ना फक्त? बूट घाला."

"आत्ता? दीदी, पण मध्ये रस्ता थोडा खराब आहे..."

"मग हळू चला. फोन खिशात ठेवा, बंद नका करू. मी आहे इथे."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कडी काढल्याचा. काकूंनी फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली, थांब, जाऊ नको अजून. भय्यासाहेबांनी माझ्यासमोर चहा ठेवला. वीस मिनिटं लागली. तेवढ्यात काकू मध्ये मध्ये फक्त एवढंच म्हणत होत्या, "हो, चला. ऐकून राहिले मी."